मनापर्यंतची पांदण

१९३६ या एकाच वर्षात, वेगवेगळ्या ठिकाणी, तीन गोष्टी घडल्या. ४ जुलैला ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हान्स सेलिए या मॉन्ट्रियलमधल्या एकोणतीस वर्षांच्या संशोधकाचं छोटंसं टिपण छापून आलं. आघात कोणताही असो, शरीर त्याला ठरावीक पद्धतीनेच उत्तर देतं, असं त्याचं म्हणणं होतं. महिनाभरात बर्लिनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं. त्या निमित्ताने अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी तिथे आपले देशी खेळ आणि कसरती जगाला दाखवल्या, त्यात कबड्डीही होती. आणि वर्षअखेरीस ऑटो लोवी आणि हेन्री डेल या दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. नसा हृदयाशी आणि स्नायूंशी रसायनांच्या साहाय्याने बोलतात, हे त्यांनी शोधून काढलं होतं.

या तिन्हींची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. पण आज अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळभर बसलं, की या तिन्ही गोष्टी एकाच बाकावर येऊन बसलेल्या दिसतात. बाकावरची बाई अंगदुखीची गोळी मागत असते. तिचं दुखणं खरंच अंगाचं असतं. आणि ते तितकंच खरं मनाचंही असतं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं, याचं उत्तर माणसाच्या शरीररचनेत दडलेलं आहे आणि ते थक्क करणारं आहे.

दोन बेडकांची हृदयं

आधी लोवींची गोष्ट. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ते औषधशास्त्राचे प्राध्यापक होते. मेंदूच्या तळापासून निघून मान, छाती आणि पोटापर्यंत उतरणारी व्हेगस नावाची लांबलचक नस आहे. ती डिवचली की हृदयाचे ठोके मंदावतात, एवढं तेव्हा ठाऊक होतं. पण ते मंदावतात कशाने? विजेने, की एखाद्या रसायनाने? एका रात्री लोवींना स्वप्नात या प्रश्नाचा प्रयोग दिसला. अर्धवट झोपेत त्यांनी तो कागदावर खरडला आणि सकाळी त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न परत पडलं. या खेपेला ते उठले ते थेट प्रयोगशाळेतच गेले.

त्यांनी दोन बेडकांची धडधडती हृदयं काढून मिठाच्या द्रावणात ठेवली. पहिल्या हृदयाची व्हेगस नस शाबूत ठेवली होती, दुसऱ्याला नसच नव्हती. पहिल्याची नस डिवचताच त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचं द्रावण उचलून लोवींनी दुसऱ्या हृदयाला दिलं. तेही मंदावलं. ज्याला कोणी हात लावला नव्हता, ज्याच्याकडे निरोप पोचवणारी नस नव्हती, ते हृदय केवळ द्रावणातल्या पदार्थामुळे शांत झालं. हा पदार्थ म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन.

त्या नसेचं काम तुम्ही आत्ता, वाचता वाचता, पाहू शकता. डाव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी उजव्या हाताची दोन बोटं ठेवा आणि नाडी सापडली की सावकाश श्वास आत घ्या. ठोके किंचित भरभर पडू लागतील. आता त्याहून सावकाश श्वास सोडा. ठोके लांबतील. कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये हा चढउतार पहिल्यांदा यंत्रावर नोंदवला. श्वास घेताना व्हेगसची हृदयावरची पकड सैल होते आणि सोडताना ती पुन्हा घट्ट होते. हृदयाला आपण हुकूम देऊ शकत नाही. पण श्वास लांबवून त्याच्यापर्यंत निरोप नक्की पोचवू शकतो.

याहून मोठं नवल पुढे आहे. व्हेगसमधले सुमारे ऐंशी टक्के तंतू मेंदूकडून शरीराकडे जातच नाहीत, ते शरीराकडून मेंदूकडे येतात. गावातून शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर दोन्ही बाजूंनी गाड्या चालतात खऱ्या, पण माल भरलेल्या गाड्या बहुतेक शेताकडून गावात येणाऱ्या असतात. व्हेगसचंही तसंच आहे. आतडी, पोट, फुप्फुसं आणि हृदय क्षणाक्षणाला आपली खबर वर धाडत असतात. मेंदूच्या घडीत दडलेल्या इन्सुला नावाच्या भागात या खबरा एकत्र होतात आणि ‘मला कसंसंच वाटतंय’ या जाणिवेला तिथेच आकार येतो. आपण म्हणतो की मन अस्वस्थ झालं म्हणून पोटात कालवलं. बऱ्याचदा क्रम उलटा असतो. पोटातली कालवाकालव वर पोचते आणि तिचीच अस्वस्थता होते.

फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ७०१ माणसांना माणसाच्या रिकाम्या आकृत्या दिल्या. राग, भीती, दुःख, आनंद, लाज या भावना आल्या की शरीराचा कोणता भाग जागा होतो आणि कोणता मंद पडतो, ते रंगवा, असं सांगितलं. फिनलंड, स्वीडन आणि तैवानच्या लोकांनी रंगवलेले नकाशे आश्चर्य वाटावं इतके सारखे निघाले. रागात छाती आणि हात पेटलेले. दुःखात छाती भरलेली, हातपाय गळालेले. आनंदात डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग उजळलेलं.

आणि वऱ्हाडाशी थेट नातं सांगणारी एक गोष्ट. अ‍ॅसिटिलकोलीनचं काम झालं की ते लगेच मोडून टाकणारं एक विकर शरीरात असतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारल्या जाणाऱ्या प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशकांचा मारा नेमका याच विकरावर होतो. मग अ‍ॅसिटिलकोलीन साचत जातं. दरदरून घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, बाहुल्या आक्रसतात, छाती भरून येते, जीव घाबरा होतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ आणि आसपासच्या जिल्ह्यांत फवारणी करताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर दगावले. ज्या रसायनाने ग्राझमधलं ते हृदय शांत केलं, त्याचाच तोल बिघडवणारा फवारा आपला माणूस पाठीवर घेऊन पिकाच्या तासातून चालतो. फवारणीनंतर ‘जीव घाबरते’ असं कोणी म्हटलं, तर ती मनाची दुर्बळता समजू नये. त्याला लगेच दवाखान्यात न्यावं.

न संपणारा पावसाळा

सेलिएंनी उंदरांना थंडीत ठेवलं, दमवलं, निरनिराळी द्रव्यं टोचली. कारण काहीही असो, आत तीनच खुणा सापडत होत्या. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसलेली आणि पोटाच्या अस्तराला जखमा. पुढे याच कामातून ताणाचं आधुनिक शास्त्र उभं राहिलं. त्याआधी वॉल्टर कॅनन यांनी, संकट दिसताच शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं, हे दाखवलं होतं. अ‍ॅड्रिनलीन उसळतं, रक्त स्नायूंकडे धावतं, पचन थांबतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं आणि रक्तात साखर सोडत राहतं. पुढ्यात साप आला तर यासारखी दुसरी उपयोगी यंत्रणा नाही. काही मिनिटांत काम होतं आणि शरीर पूर्वपदावर येतं.

पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची भीती काही मिनिटांत संपत नाही. मृगाच्या पावसाची वाट पाहण्यापासून तिची सुरुवात होते. पाऊस येतो, पेरणी होते, मग उघाड पडते आणि दुबार पेरणीची वेळ येते. पीककर्ज मिळेपर्यंत सावकाराचं दार असतंच. पऱ्हाटी फुलावर आली की गुलाबी बोंडअळी येते, आणि कापूस घरात आला की भाव पडतो. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, विहिरीचं पाणीही खारं असतं. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात रात्री झोप लागत नाही आणि न झोपलेल्या शरीरात ताणाची यंत्रणा दुसऱ्या दिवशी आणखी चटकन पेटते. काही मिनिटांसाठी बनलेली सज्जता महिनोन्‌महिने चालू राहते. मग रक्तदाब चढतो, साखर वाढते, पित्त खवळतं, पाठ आणि मान आखडते, जखम भरायला वेळ लागतो. हे सगळं मोजता येतं, रक्तात आणि नाडीत सापडतं.

एखाद्या धक्क्याने हृदयाचा आकारच बदलतो, असं कोणी सांगितलं तर ती कविकल्पना वाटेल. पण १९९० मध्ये जपानी डॉक्टरांनी अशाच एका आजाराचं वर्णन करून त्याला ‘ताकोत्सुबो’ नाव दिलं. जवळचं माणूस गेल्यासारख्या मोठ्या आघातानंतर, विशेषतः उतारवयातल्या स्त्रियांमध्ये, हृदयाचा डावा कप्पा टोकाकडे फुग्यासारखा फुगतो. छातीत कळ येते, ईसीजीही हृदयविकाराच्या झटक्यासारखाच दिसतो, पण हृदयाच्या धमन्यांत अडथळा सापडत नाही. बहुतेक रुग्णांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

उलट दिशेची वाहतूकही तितकीच खरी आहे. थायरॉइड मंदावली, रक्त कमी झालं, बी-१२ जीवनसत्त्व घटलं किंवा साखर बिघडली, की माणूस उदास होतो, चिडचिडा होतो, कशातच त्याचं लक्ष लागत नाही. अशा माणसाला धीराचे चार शब्द देऊन घरी पाठवणं म्हणजे त्याची तपासणी टाळणं होय. ‘हे मनाचं आहे’ असं घाईने म्हणणारा डॉक्टर आणि ‘हे अंगाचंच आहे’ असं घाईने म्हणणारा डॉक्टर, दोघंही अर्धाच रुग्ण पाहतात.

“आनखी काय होते, काकू?”

जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत चौदा देशांतल्या साध्या दवाखान्यांत आलेल्या नैराश्यग्रस्त रुग्णांना प्रश्न विचारले होते. त्या देशांत भारतही होता, बंगळुरूच्या केंद्राच्या रूपाने. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के रुग्णांनी डॉक्टरांकडे येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक तक्रारीच सांगितल्या होत्या. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, थकवा जात नाही. पण मनाबद्दल थेट विचारल्यावर नकार देणारे किती निघाले? केवळ ११ टक्के. विचारलं की दहातली जवळपास नऊ माणसं सांगतात. मला या अभ्यासातला हाच आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. लोक मनातलं लपवून ठेवतात अशी आपली समजूत असते. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

विचारल्याने काय घडतं, याचं उत्तम उदाहरण अमरावती जिल्ह्यातलंच आहे. शेतकरी आत्महत्यांच्या सावटात, ‘संगथ’ या मूळच्या गोव्यातल्या संस्थेच्या पुढाकाराने आणि टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने, जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं गेलं. त्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी जाऊन ताण आणि उदासी याबद्दल बोलणं सुरू केलं, ज्याला गरज आहे त्याला समुपदेशकापर्यंत आणि पुढे मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेलं. कार्यक्रमाआधीची पाहणी २०१३-१४ मध्ये झाली आणि अठरा महिन्यांनी पुन्हा पाहणी झाली. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी केवळ ४.३ टक्के लोकांनी उपचारांसाठी कुणाची तरी मदत घेतलेली होती. नंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं, म्हणजे सहापटीने वाढलं. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ने २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापले. यासाठी कोणतंही नवं औषध शोधावं लागलं नव्हतं.

गावातली आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, अंगणात बसून विचारते तेव्हा काय घडतं, ते जवळून पाहण्यासारखं असतं. “काकू, आंग दुखते म्हंता, तं झोप कशी लागते?” “झोप? मले डोयाले डोया लागत नाही बाई.” “आन जेवन?” “अन्न गोड लागत नाही. बसल्या जागचं उठू वाटत नाही.” “कायची काळजी लागली हाय काय?” इथे काकू गप्प होतात. पदर डोळ्यांना लावतात. आणि मग पोराच्या कर्जाची, दारूची, मोडलेल्या लग्नाची गोष्ट बाहेर येते. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक यादी आहे. त्या नऊपैकी चार प्रश्न थेट शरीराचे आहेत: झोप, थकवा, भूक आणि हालचालींचा मंदावलेला किंवा सैरभैर वेग. काकूंनी नकळत त्यांतल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं देऊन टाकलेली असतात.

बर्लिनमधला दुसरा वर्ग

अमरावतीचे तरुण बर्लिनमध्ये होते त्या दिवसांत त्याच शहरात एल्सा गिंडलर नावाची एक शिक्षिका वर्ग घेत असे. ती मूळची व्यायामशिक्षिका. तरुणपणी तिला क्षयाने गाठलं होतं, आणि श्वासाकडे बारकाईने लक्ष देत देत तिने स्वतःला सावरलं होतं. तिच्या वर्गात कवायत नसे. उभं राहताना वजन कुठे पडतं, हात उचलताना श्वास का अडतो, जबडा विनाकारण का आवळला जातो, हे ज्याने त्याने स्वतः शोधायचं. तिची विद्यार्थिनी शार्लट सेल्व्हर हिने १९३८ मध्ये अमेरिकेत स्थलांतर केलं आणि ही पद्धत सोबत नेली. विल्हेल्म राइख या मनोविश्लेषकाची सहचरी, नर्तकी एल्सा लिंडेनबर्ग हीसुद्धा गिंडलरकडे शिकलेली होती.

राइख हा फ्रॉइडचा शिष्य. माणूस काय बोलतो याबरोबरच तो कसा बसतो, कुठे आखडतो, बोलताना श्वास कुठे धरतो, हे पाहायला त्याने मानसोपचाराला शिकवलं. नको असलेली भावना दाबण्यासाठी आपण स्नायू आवळतो आणि वर्षानुवर्षं आवळूनच ठेवतो. त्याला त्याने चिलखत म्हटलं. त्याचा ‘कॅरेक्टर अ‍ॅनालिसिस’ हा ग्रंथ १९३३ चा. पुढे मात्र तो भरकटला. ‘ऑर्गोन’ नावाच्या विश्वव्यापी ऊर्जेच्या पेट्या बनवू लागला आणि १९५७ मध्ये अमेरिकेतल्या तुरुंगात वारला. त्याच्या नादी लागून पेट्यांपर्यंत जायचं कारण नाही. पण आवळलेल्या स्नायूंबद्दलचं त्याचं निरीक्षण शिष्यांनी पुढे नेलं आणि शरीराधारित मानसोपचाराचे अनेक प्रवाह त्यातून फुटले.

या उपचाराची बैठक पाहिली तर आधी काही वेगळं जाणवत नाही. समोरची व्यक्ती आपली हकिगत सांगत असते. सांगता सांगता तिचे खांदे कानांकडे चढतात, श्वास छातीच्या वरच्या भागात अडकतो. उपचारक तिथेच तिला थांबवतो. “हे सांगताना आत्ता अंगात कुठे काय जाणवतंय?” “घशात काहीतरी अडकलंय.” “ते घालवायचा प्रयत्न करू नका. फक्त तिकडे लक्ष असू द्या. आता तळपाय पाहा, जमीन जाणवते का?” लक्ष घशाकडून पायांकडे येतं, पायांकडून पुन्हा घशाकडे जातं. त्रासाच्या जागेवरून आधाराच्या जागेवर, आणि परत. असं होता होता एखादा लांब उसासा येतो, खांदे आपोआप उतरतात, कधी रडू फुटतं. मेंदू या सगळ्यातून एक नवी गोष्ट शिकत असतो: आठवण आली तरी धोका आत्ता, इथे नाही.

या विषयात एक गैरसमज फार पसरलेला आहे. आठवणी स्नायूंत साठवल्या जातात आणि मालीश करून त्या बाहेर काढता येतात, असं काहीजण सांगतात. आठवणी मेंदूच्या जाळ्यातच असतात. पण तेच जाळं स्नायूंना सतत सज्ज राहण्याचा हुकूम सोडत असतं, आणि आखडलेले स्नायू पुन्हा मेंदूला ‘धोका आहे’ अशी खबर देत राहतात. शरीराच्या बाजूने काम केलं तर हे फिरतं चक्र त्या बाजूने सैल करता येतं, एवढंच. पण हे ‘एवढंच’ फार मोठं आहे.

त्याला पुरावाही मिळू लागला आहे. बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आघातानंतरचा ताणविकार जुनाट झालेल्या आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ६४ स्त्रियांचे दोन गट केले होते. एका गटाला दहा आठवडे योगाचे वर्ग, दुसऱ्याला आरोग्यशिक्षणाचे. शेवटी योगगटातल्या ५२ टक्के स्त्रिया त्या विकाराच्या निकषांतून बाहेर पडल्या होत्या. दुसऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, आणि शरीराधारित उपचारांच्या बऱ्याच शाखांची कसून तपासणी अजून व्हायची आहे. पण दिशा स्पष्ट दिसते.

महाराष्ट्राने तर या दिशेने फार आधी पाऊल टाकलं होतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडतं, ते यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी पतंजलींच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती घडवली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान अशा चढत्या पायऱ्यांनी ती मानसिक आणि मनोशारीरिक आजारांच्या रुग्णांना दिली जाई. पूर्ण उपचार घेतलेल्यांची आणि त्यातला काही भागच मिळालेल्यांची तुलनाही त्यांनी केली. १९७३ मध्ये हे काम अमेरिकेच्या मानसोपचार-नियतकालिकात छापून आलं. त्यांच्या सहकाऱ्यांत दिलीप जेस्ते हे तरुण डॉक्टर होते, जे पुढे अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. व्हॅन डर कोल्कांच्या अभ्यासाच्या चाळीस वर्षं आधी परळच्या महापालिका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात हे घडत होतं, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असलीच पाहिजे.

वऱ्हाडाच्या मातीतलं

वैद्य बंधूंनी, अंबादासपंत आणि अनंत वैद्य यांनी, १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं ते मानसोपचारासाठी नव्हे. पराधीन देशातला तरुण अंगाने आणि मनाने ताठ उभा राहावा, ही त्यामागची तळमळ होती. मल्लखांबावर चढलेल्या पोराला मात्र नकळत दुसरीही एक गोष्ट मिळते. उलटं लटकलेलं असताना श्वास धरला तर पकड सुटते. भीती वाटत असतानाही श्वास चालू ठेवायला त्याचं शरीर शिकतं. हे शिक्षण शब्दांनी देता येत नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून गावोगावी सामुदायिक प्रार्थना नेली. संध्याकाळी ओळीने बसून, पाठ सरळ ठेवून, सगळ्यांनी एका सुरात म्हणायची प्रार्थना. गाताना श्वास पटकन आत घेतला जातो आणि ओळ संपेपर्यंत सावकाश सोडला जातो, म्हणजे व्हेगसला अधिकाधिक वाव मिळतो. इटलीत २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात लॅटिन जपमाळ आणि तिबेटी मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहावर आल्याचं आणि त्याबरोबर हृदयाच्या लयीतला चढउतार सुधारल्याचं दिसलं. स्वीडनमधल्या अभ्यासात एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकमेकांच्या साथीने चढताना-उतरताना आढळले. खंजिरीच्या ठेक्यावर भजनाला बसलेल्या वऱ्हाडी मंडळींची नाडी कोणी अजून तपासायची आहे. पण तिथून उठताना अंग हलकं का वाटतं, याचं कारण आता अगम्य राहिलेलं नाही.

आणि गाडगेबाबा. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा हातात घेई आणि रात्री कीर्तन करी. आधी हात चालू लागतात, मग माणसं बोलू लागतात. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ने तपासलेल्या एका उपचाराचा गाभाही कृती हाच आहे. मन लागेल तेव्हा काही करू, अशी वाट न पाहता आधी छोटी, ठरवलेली कृती करायची: अंगणापर्यंत चालणं, कोंबड्यांना दाणे टाकणं, शेजारणीकडे जाऊन बसणं. मन त्यामागून येतं. गावातल्याच साध्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत हा उपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या या चाचणीत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. तीन महिन्यांनी उपचार घेतलेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

आखाडा, प्रार्थना आणि खराटा यांना मी उपचार म्हणणार नाही. तीव्र नैराश्याला औषध लागतं, प्रशिक्षित माणूस लागतो. छातीत कळ आली तर आधी ईसीजी, श्वासाचे व्यायाम नंतर. आघात सोसलेल्या माणसाला जबरदस्तीने ‘मोकळं हो’ म्हणून हलवलं तर त्याचा त्रास उफाळून येतो. आणि उपचारात स्पर्श असेल तर तो रुग्णाच्या संमतीविना कधीच असू नये. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही मिळते, हा क्रमांक घराच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पण वऱ्हाडाजवळ दोन गोष्टी आहेत, ज्या एकत्र आणायला मोठा पैसा लागत नाही. एकीकडे शरीराची शंभर वर्षांची तालीम आहे: व्यायामशाळा, भजनी मंडळं, शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं. दुसरीकडे घरोघरी पोचलेल्या आशाताई आहेत आणि तीस गावांत सिद्ध झालेली पद्धत आहे. अमरावतीत शिकून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शारीरिक शिक्षकाला नैराश्याचे ते नऊ प्रश्न ठाऊक असावेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून शेतकऱ्याला फवारणीचं तंत्र शिकवायला जाणाऱ्याने त्याची झोपही विचारावी. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने गोळ्यांची पुडी हातात देण्याआधी काकूंना आणखी एक प्रश्न विचारावा. त्याला एक मिनिट लागतं. आणि विचारलेल्या दहांतली नऊ माणसं उत्तर देतात, हे आता आपल्याला माहीत आहे.